सायनाइड : कारखान्यातले आणि चुलीवरचे

'सायनाइड' हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. हेरकथेतील नायक, दाताखाली दडवलेली कुपी आणि क्षणात संपलेला खेळ! चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी या विषाची एवढी प्रसिद्धी करून ठेवली आहे की, त्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी काही संबंध असेल असे कोणास वाटतच नाही. कोणी तरी ते चाखले व चव लिहून ठेवली, अशा दंतकथाही आपण वर्गात एकमेकांना सांगत असतो. त्या कथांच्या वाटेस मी येथे जाणार नाही. ज्या सायनाइडशी आपल्या तलासरी-डहाणूच्या माणसांचा रोज किंवा निदान दर पावसाळ्यात संबंध येतो, त्याविषयी मला लिहावयाचे आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझी ओळख दहावीपर्यंतची. तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का निवडावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की, माझ्या उधवा गावाहून दादरा-नगर हवेलीची हद्द फार लांब नाही. सिल्वासा, वापी, उंबरगाव आणि इकडे बोईसर-तारापूर येथील कारखान्यांत आमच्या पाड्यांवरील पुष्कळ मुले कामाला जातात. त्यांतील काही धातूला मुलामा देण्याच्या, म्हणजे प्लेटिंगच्या, खात्यात आहेत. माझा एक चुलतभाऊ त्यांपैकीच. तो सुट्टीत घरी आला असता बोलता बोलता 'सायनाइडच्या ड्रमा'चा उल्लेख त्याने इतक्या सहजपणे केला की मी चपापलो. ड्रमवर काय लिहिले आहे हे त्याला सांगता येईना, कारण ते इंग्रजीत होते. तेव्हापासून मी ग्रंथालयात मिळेल ते वाचू लागलो आणि विज्ञान शाखेच्या मित्रांना प्रश्न विचारून त्रास देऊ लागलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम नावाविषयी. ग्रीक भाषेत 'कायनोस' म्हणजे गडद निळा. या भयंकर विषाचे नाव एका सुंदर रंगावरून पडले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी तांबडा रंग करावयास बसला होता. त्याने वापरलेल्या पोटॅशमध्ये जनावरांच्या रक्ताचा अंश होता, त्यामुळे तांबड्याच्या जागी गर्द निळा रंग तयार झाला. हीच 'प्रशियन निळी'. पुढे १७८२ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्या निळीपासून एक आम्ल वेगळे काढले. निळीच्या नावावरून त्याला प्रुसिक आम्ल म्हणू लागले. हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजन एवढ्या तीनच मूलद्रव्यांचे ते बनलेले असते, हे गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली दाखविले. कार्बन आणि नायट्रोजन तर आपल्या अन्नातही आहेत आणि हवेतही. या दोघांची एक विशिष्ट जोडी जमली की तिला सायनाइड म्हणावयाचे.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. ज्या निळीपासून हे विष निघाले ती निळी स्वतः जवळजवळ निरुपद्रवी आहे. इतकी, की थॅलियमसारख्या विषावर आज ती औषध म्हणून पोटात देतात. याचे कारण त्या निळीत सायनाइडची जोडी लोखंडाने घट्ट धरून ठेवलेली असते. ती सुटून कोणाचे वाईट करू शकत नाही. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपण दवाखान्यातून आणतो, त्यांच्या एका प्रकारात ही जोडी असतेच, पण तेथे तिला कोबाल्टने धरलेले असते. सायनाइड आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. ते कोणी धरून ठेवले आहे आणि ते केव्हा सुटेल, हे विचारावे लागते. चुलीपासून कारखान्यापर्यंतचा पुढचा सगळा प्रवास या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

सुटलेले सायनाइड शरीरात काय करते? आपल्या प्रत्येक पेशीत प्राणवायूचा उपयोग करून शक्ती निर्माण करणारे एक विकर असते. त्यात लोखंडाचा अंश असतो. सायनाइड नेमके त्या लोखंडाला जाऊन चिकटते. मग श्वास चालू असतो, रक्त प्राणवायू घेऊन पेशीच्या दारापर्यंत येते, पण पेशीला तो वापरता येत नाही. पंगतीत पान वाढलेले आहे आणि जेवणाऱ्याचे हात बांधलेले आहेत, तशी ही स्थिती. न वापरलेला प्राणवायू रक्तातच राहतो, त्यामुळे नीलांमधील रक्तही लालभडक दिसते. सर्वांत अधिक प्राणवायू लागतो तो मेंदूला आणि हृदयाला, म्हणून पहिला आघात त्यांवर होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, धाप लागणे ही सुरुवातीची लक्षणे. मात्रा मोठी असेल तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते.

आता चुलीकडे येऊ. पावसाळा सुरू झाला की बांबूच्या बेटांतून कोवळे कोंब वर येतात. आमच्याकडे हे कोंब आवडीने खातात. पण कोंब आणला, चिरला आणि फोडणीला टाकला असे कोणीही करीत नाही. वरची सालपटे काढून आतला पांढरा गाभा घ्यावयाचा, तो अगदी बारीक चिरावयाचा, भरपूर पाण्यात उकळावयाचा आणि ते पाणी ओतून द्यावयाचे. काही घरी चिरलेला कोंब रात्रभर पाण्यात भिजत ठेवून सकाळी ते पाणी टाकतात व मग उकळतात. त्यानंतर डाळीबरोबर भाजी होते. पहिले पाणी का टाकतेस, असे मी आजीला विचारले तेव्हा तिचे उत्तर सरळ होते: कडू पाणी पोटात गेले की डोके फिरते व ओकारी येते. आजीला सायनाइड हा शब्द माहीत नाही. परंतु पुस्तकात दिलेली सुरुवातीची लक्षणे आणि तिने सांगितलेली लक्षणे यांत फारसा फरक नाही, हे पाहून मला नवल वाटले.

कारण बांबूच्या कोंबात खरोखरच सायनाइड असते. सुटे नव्हे, साखरेच्या एका रूपाशी बांधलेले. त्या पदार्थाला टॅक्सिफायलिन असे नाव आहे. झाडाने योजना अशी केली आहे की, हा पदार्थ एका कप्प्यात व त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात. जनावराने कोंब चावला की दोन्ही कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि सायनाइड मोकळे होते. वनस्पतीला पळता येत नाही, शिंगेही नसतात. तिने आपले रक्षण या रीतीने केले आहे.

आता स्वयंपाकाची रीत पाहा. बारीक चिरल्याने हे दोन्ही कप्पे घरीच, माणसाच्या पोटाबाहेर फुटतात. मोकळे झालेले हायड्रोजन सायनाइड पाण्यात विरघळते, आणि ते सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळणारे असल्याने चुलीवर वाफेबरोबर निघून जाते. म्हणून उघड्या भांड्यात व मोकळ्या हवेत उकळावे, झाकण घालू नये. जे पाण्यात उरले ते पाण्याबरोबर टाकले जाते. बारीक काप करून सुमारे ९८ अंशांवर वीस मिनिटे उकळले असता जवळजवळ ७० टक्के सायनाइड निघून जाते आणि आच व वेळ वाढवली तर हे प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत जाते, असे प्रयोगांनी दाखविले आहे. टॅक्सिफायलिन उष्णतेने लवकर फुटते, ही आणखी एक सोय. चिरणे, भिजवणे, उकळणे, पाणी टाकणे या चारही पायऱ्यांना कारण आहे. यांतील एकही पायरी कोणी गंमत म्हणून घातलेली नाही.

कडू कांदाच्या बाबतीतही आमच्याकडे असेच करतात. काप करून राखेबरोबर उकळतात आणि टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवतात. त्यातील विष मुख्यतः निराळ्या जातीचे आहे, सायनाइडचे नव्हे. परंतु स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्या वर्गीकरणाशी कर्तव्य नसते. कडू ते पाण्याने काढावे, हा तिचा नियम दोन्हीकडे लागू पडतो.

हे केवळ रानातल्या माणसांचे खाणे आहे असे शहरी वाचकाने समजू नये. एकादशीला ज्या साबुदाण्याची खिचडी घरोघर होते तो साबुदाणा कसावा नावाच्या कंदापासून बनतो. तामिळनाडूतील सेलम भाग या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाल (राज्यकाल १८८० ते १८८५) यांनी केरळात या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले. या कंदातही बांधलेले सायनाइड असते, त्याच्या कडू जातींत तर बरेच. कंद किसून, धुऊन, पिठूळ साका खाली बसवून, पाणी काढून टाकून व भाजून साबुदाणा तयार होतो. तोपर्यंत विषाचा बहुतेक भाग गेलेला असतो. म्हणजे उपवासाचा पदार्थ आणि आमचा बांबूचा कोंब यांची शुद्धी एकाच मार्गाने होते! जवसातही हे द्रव्य थोडे असते. आपण जवस भाजून मगच चटणी करतो. वाल आपण रात्रभर भिजवतो, मोड आणतो, सोलतो व शिजवतो. जर्दाळूची बी फोडून आतला गर खाण्याची अनेक मुलांना सवय असते. तो गर गोड असेल तर थोडा खाण्यास हरकत नाही, पण कडू लागला तर थुंकून टाकावा. तो कडूपणा कशाचा, हे आता वेगळे सांगावयास नको.

ज्वारीची कथा घाटावरच्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. ज्वारीचे कोवळे पोंगे, किंवा पावसाने ताण दिल्यावर खुरटलेले व कापणीनंतर फुटलेले फुटवे गुराने खाल्ले, तर ते फुगते, धापा टाकते आणि पाहता पाहता कोसळते. १९०२ साली डन्स्टन व हेन्री या शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या रोपातील या पदार्थाचा शोध लावला व अरबी 'धुरा' (म्हणजे ज्वारी) या शब्दावरून त्याचे नाव धुरिन ठेवले. बांबू आणि ज्वारी दोन्ही गवताच्याच कुळातले, आणि धुरिन व टॅक्सिफायलिन यांची रचना इतकी जवळची की त्यांना सख्खी भावंडे म्हणावे. पीक फुलोऱ्यावर आल्यावर त्यातील विष पुष्कळ उतरते, म्हणून तोपर्यंत गुरे आत सोडू नयेत. भाकरीचे मात्र भय नाही. पक्क्या दाण्यात ते जवळपास नसतेच.

मग थोडेफार सायनाइड पोटात गेले तर काय होते? निसर्गाने त्याचीही सोय केलेली आहे. आपले यकृत गंधकाच्या साहाय्याने सायनाइडचे थायोसायनेट नावाच्या पुष्कळच सौम्य द्रव्यात रूपांतर करते व ते लघवीवाटे निघून जाते. परंतु हे गंधक येते कोठून? ते येते डाळ, मासे, अंडी, दूध यांतील प्रथिनांतून. ज्याच्या ताटात प्रथिने नाहीत, त्याच्या शरीराजवळ विष उतरविण्याचे साधनही अपुरे असते. हा मुद्दा वाचताना मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. जव्हार-मोखाड्याच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली सारा महाराष्ट्र हळहळला होता. कुपोषण हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. बांबूची भाजी डाळीबरोबर किंवा सुक्या मासळीबरोबर खाण्याच्या आमच्या पद्धतीकडे मी त्या दिवसापासून निराळ्या नजरेने पाहू लागलो.

प्रथिने कमी आणि सायनाइड अधिक, असे झाले म्हणजे काय होते याचे उदाहरण आफ्रिकेत सापडते. तेथील कित्येक प्रदेशांत कडू कसावा हेच मुख्य अन्न आहे. १९३८ साली त्रोली नावाच्या इटालियन डॉक्टरने काँगोतील एका विचित्र रोगाचे वर्णन केले. धडधाकट मुलाचे किंवा स्त्रीचे दोन्ही पाय अचानक लुळे व ताठ होतात आणि ते पुन्हा कधीच पूर्ववत होत नाहीत. तेथील लोक त्याला 'कोंझो' म्हणतात. याका भाषेत त्याचा अर्थ बांधलेले पाय. १९८१ साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला असता या रोगाचे अकराशेहून अधिक रुग्ण आढळले. दुष्काळात कंद अधिक कडू झाले होते, डाळ-मासळी नव्हती, आणि भुकेल्या घरात कंद पुरेसे दिवस भिजवून व वाळवून होईपर्यंत थांबणार कोण?

काँगोच्या (तेव्हाच्या झाईरच्या) बांडुंडू भागातील हकिगत तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. तेथे स्त्रिया कंद तीन दिवस पाण्यात भिजवीत असत. पुढे राजधानीकडे जाणारा चांगला रस्ता झाला, व्यापारी ट्रक घेऊन येऊ लागले, कसाव्याला पैसा मिळू लागला. माल लवकर तयार व्हावा म्हणून तीन दिवसांचे भिजवणे दोनावर आले, कोठे एकावर आले. आणि कोंझो वाढला. संशोधकांनी तपास केला तेव्हा कारण निघाले ते एवढेच, वगळलेले दोन दिवस. त्या स्त्रियांना पूर्वीची रीत माहीत नव्हती असे नाही. ती पाळण्यास लागणारा वेळ त्यांच्या हातून गेला होता.

रस्ता वाईट असे मला म्हणावयाचे नाही. उधव्याच्या मुलांना महाविद्यालयात आणणाराही रस्ताच आहे. पण रस्त्यावरून वस्तू जितक्या लवकर जातात तितक्या लवकर त्यांच्याबरोबरची रीत जात नाही, हे आपल्याकडेही दिसते. पावसाळ्यात बायका कोंबाच्या टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. मोटारीतून जाणारी माणसे 'रानभाजी' म्हणून कौतुकाने ते विकत घेतात. हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात, त्यांची छायाचित्रे सर्वत्र फिरतात, 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असे समजणाराही एक वर्ग तयार झाला आहे. टोपलीवाली बाई सांगते, "पाणी टाकून द्या हो," पण गाडी तोपर्यंत निघालेली असते. कोंब विकतानाच दोन वाक्ये समजावून सांगणे व घेणाऱ्याने ती ऐकून घेणे, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

चुलीवरच्या सायनाइडपाशी निदान ज्ञान आहे, नाव नाही. कारखान्यात परिस्थिती याच्या उलट. तेथे नाव ड्रमवर छापलेले असते, ज्ञान मात्र ड्रम उचलणाऱ्यापर्यंत पोहोचलेले नसते.

हे द्रव्य कारखान्यात हवे कशाला? तर सोने विरघळविणाऱ्या फार थोड्या द्रव्यांपैकी ते एक आहे म्हणून. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणातून विजेच्या साहाय्याने सोन्या-चांदीचा मुलामा देण्याच्या कृतीचे एकस्व घेतले. १८८७ साली ग्लासगोच्या मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधूंनी खडकाच्या भुकटीतून सोने वेगळे काढण्याची रीत शोधली, आणि ज्या दगडांत सोने आहे पण हाती लागत नाही असे ढीगही मोलाचे ठरले. कर्नाटकातील कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या, पण तेथील गाळाच्या टेकड्यांना आजही 'सायनाइडच्या टेकड्या' म्हणतात. ('केजीएफ' चित्रपट पाहिलेल्या मित्रांनी या टेकड्यांचीही माहिती करून घ्यावी.) आपल्या डहाणूच्या किनाऱ्यावर चिंचणी, वरोर या गावांत दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा पुष्कळ घरांत चालतो. ठशातून निघालेल्या खोट्या दागिन्याला सोन्याचे पाणी चढते ते कोठल्या तरी गिलिटाच्या टाकीत, आणि त्या टाकीत बहुधा सायनाइडचे द्रावण असते. लग्नसराईत आपण जी चमक पाहतो तिच्यामागे हे आहे. याखेरीज पोलादाला कठीणपणा आणणे, काही प्लास्टिके व नायलॉन तयार करणे यांतही सायनाइडचा उपयोग होतो. प्लेगच्या काळात उंदरांच्या बिळांत कॅल्शियम सायनाइडची भुकटी फुंकीत असत. मातीतील ओलीने त्यातून वायू सुटे. कीटक मारण्यासाठी बनविलेले 'झायक्लोन बी' नाझींनी छळछावण्यांतून माणसांवर वापरले, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेच.

कारखान्यातील सायनाइड हे बहुधा सोडियम किंवा पोटॅशियमचे पांढरे, मिठासारखे दिसणारे खडे असतात. ते अल्कधर्मी द्रावणात असते तोवर बरेचसे बांधलेले राहते. परंतु त्याची आम्लाशी गाठ पडली की वायू सुटतो. आणि प्लेटिंगच्या खात्यात दोन्ही असतात! धातूचा गंज काढण्यासाठी आम्लाची टाकी, मुलाम्यासाठी सायनाइडची. आम्लातून काढलेला तुकडा नीट न धुता दुसऱ्या टाकीत घातला, दोन्हींचे सांडपाणी एकाच नालीत सोडले, किंवा सांडलेले एक दुसऱ्याच्या फडक्याने पुसले, तरी धोका आहे. वास येईल तेव्हा कळेल, असाही भरवसा धरू नये. कडू बदामासारखा तो वास पुष्कळांना जन्मतःच येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांचेही नाक थोड्या वेळाने बधिर होते.

भोपाळची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटला तो मिथिल आयसोसायनेट. पण त्याबरोबर सायनाइडही रुग्णांच्या शरीरात गेले काय, यावर मोठा वाद झाला. भोपाळच्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात लालभडक रक्त आढळले व त्यांनी सायनाइडचा संशय बोलून दाखविला. सायनाइडवरील उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेटची सुई देतात. यकृताला लागणारे गंधक ती पुरविते. ती द्यावी की देऊ नये, यावर तज्ज्ञ आणि अधिकारी भांडत राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी करून १९८५ च्या आरंभी ती देण्याची शिफारस केली. मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या गटाने त्याच वर्षी मार्चमध्ये वस्त्यांतून पाहणी केली व तीच मागणी लावून धरली. वादाचा निकाल कसाही लागो, मला त्यात खटकले ते हे की, हवेत काय सोडले गेले हे ज्यांच्या फुप्फुसांत ते गेले त्यांना कोणी सांगितले नाही. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन मालकावर आले, आणि ती माहिती मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. परंतु हक्क इंग्रजीत छापून ड्रमवर चिकटविला तर तो वाचणार कोण?

आज सायनाइडवर चांगले उतारे आहेत. थायोसल्फेट आहे, नायट्राइट आहे, आणि बी-१२ चेच एक भावंड असलेले हायड्रॉक्सोकोबालामिन आहे. त्यातील कोबाल्ट रक्तातल्या सायनाइडला पकडून ठेवते. पण हे सर्व दवाखान्यात, आणि वेळेत पोहोचलेल्या माणसासाठी. बेशुद्ध सोबत्याला बाहेर काढण्यासाठी साधनाशिवाय आत धावणारा दुसरा माणूसही तेथेच पडतो. म्हणून प्रथम आरडाओरड करावी, मुखवटा असलेल्यानेच आत जावे, रुग्णाला मोकळ्या हवेत आणून भिजलेले कपडे काढावे व पाण्याने धुवावे, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये आणि दवाखान्यात 'सायनाइड' हा शब्द स्पष्ट सांगावा. डॉक्टरला तो शब्द कळला तर उपचाराची दिशा बदलते.

सांडपाण्याचेही तसेच. चुना आणि क्लोरिनच्या साहाय्याने सायनाइडचा नाश करता येतो. ती रीत जुनी व माहितीतली आहे. ती टाळली तर किंमत मोजतात मासे. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या अल्प प्रमाणात मासे मरतात. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातील बाया मारे येथे सोन्याच्या कारखान्याचा बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नदीत गेले आणि ते तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत पोहोचले. एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. नदीला राज्याच्या हद्दी कळत नाहीत, हे सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना निराळे सांगावयास नको.

दिवाळीच्या सुट्टीत चुलतभाऊ आला तेव्हा मी त्याला हे सारे वाचून दाखविले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "टाकीवर लावायला लिहून देशील का?" एका पुठ्ठ्यावर आम्ही तांबड्या रंगाने लिहिले: या टाकीत विष आहे. आम्ल जवळ आणू नये. आम्लातला माल दोनदा धुतल्याशिवाय येथे आणू नये. येथे विडी, तंबाखू, जेवण नको. हात धुवा. डोके दुखले, गरगरले तर लगेच बाहेर या आणि दुसऱ्याला हाक मारा. एका कोपऱ्यात कवटी व हाडे काढली. पुठ्ठा पाहून तो म्हणाला की, त्याच्या खोलीत राहणाऱ्यांपैकी दोघे ओडिशाचे आहेत, त्यांना मराठी येत नाही. मग खाली हिंदीतही लिहिले. ओडियासाठी त्याने जागा मोकळी ठेवून घेतली. ते अक्षर त्या दोघांकडूनच काढून घेणार होता.